रोशा तेल आणि गुलाब : त्वचाप्रसाधनांतील नैसर्गिक व कृत्रिम गंधाच्या भेदाचा इतिहास

त्वचेला लावावयाच्या प्रसाधनांच्या वेष्टनांवर ‘नैसर्गिक सुगंध’ हा शब्दप्रयोग आज सर्रास आढळतो. त्यामागील गृहीत असे की, वनस्पतीपासून निघालेला गंध त्वचेला मानवतो आणि रसायनशाळेत सिद्ध झालेला गंध तिला बाधतो. हे गृहीत इतके अंगवळणी पडले आहे की त्यालाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो फार जुना नाही, याचा विसर पडतो. गंधद्रव्यांच्या व्यापारात शेकडो वर्षे जो भेद महत्त्वाचा मानला गेला तो अस्सल आणि नकली यांचा होता. हा जुना भेद मागे पडून नवा कसा पुढे आला, आणि या अदलाबदलीत खुद्द त्वचेचा प्रश्न कोठे हरवला, हे पाहण्यास खानदेशातील एका गवताचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. त्याकडे वळण्यापूर्वी जुन्या परंपरेचा थोडा परामर्श घेणे अवश्य आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पांढऱ्या केसांच्या मनुष्यास माळा, गंध, वस्त्रे शोभत नाहीत, म्हणून त्याचा आरंभ केसांच्या कलपाने होतो. ग्रंथकाराची व्यवहारदृष्टी त्यावरून ध्यानात यावी. याच अध्यायात चंपकगंधी तेलाची एक कृती आली आहे. मंजिष्ठा, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनी, कोष्ठ आदी द्रव्यांचे चूर्ण तेलात घालून ते तेल उन्हात तापविले असता त्यास चाफ्याचा गंध येतो, असे वराहमिहिर सांगतो. त्या यादीत चाफ्याचे फूल मात्र नाही. फुलावाचून फुलाचा गंध निर्माण करणे यात त्याला कोणतेही वैगुण्य वाटत नाही; उलट तेच गंधयुक्तीचे कौशल्य होय. पुढे तर सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० प्रकार होतात, असा हिशेबही तो मांडतो. सुगंध म्हणजे निसर्गाने दिलेली तयार वस्तू नसून मनुष्याने युक्तीने जुळवावयाची रचना होय, ही कल्पना ‘गंधयुक्ती’ या शब्दातच आहे.

मराठी भाषेपुरते बोलावयाचे तर या विषयाचा मोठा आधार म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांचे संशोधन. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते गोडे यांनी. गंधवादावरील मराठी टीकेचा काळ त्यांनी इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान धरला. हे दोन्ही ग्रंथ पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रसिद्ध केले. संस्कृतात बांधलेल्या कृती मराठीत समजावून सांगण्याची गरज कोणास तरी भासली, ही गोष्टच बोलकी आहे. कारण अशा टीकेचा वाचक केवळ पंडित नसतो. प्रत्यक्ष घोटणारा, गाळणारा आणि विकणाराही त्यात आला. गंधद्रव्यांची पारख हा या वाङ्मयातील ठरलेला विषय. कस्तुरी, कापूर, केशर ही महाग द्रव्ये, म्हणून त्यांत भेसळ. आणि भेसळ आहे म्हणून परीक्षा. नकली कस्तुरीने फसावयाचे ते ग्राहकाच्या पैशाने. ती वनस्पतिज आहे की अन्य काही, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही.

खानदेशातील रोशा गवताचा व्यापार याच जुन्या जगात वाढला. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या भागांत आणि सातपुड्याच्या उतारावर हे गवत आपोआप उगवते. वऱ्हाड आणि निमाड प्रांतांतही ते आहे. त्याचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतियापासून गुलाबाच्या वासाशी जवळीक असलेले उंची तेल निघते. सोफियाचे तेल हलके समजले जाते. पावसाळा संपता संपता गवत फुलोऱ्यावर आले की शेंडे कापून ते भट्टीत भरीत. भट्टी ओढ्याच्या काठी घालण्याची रीत होती, कारण वाफ थंड करावयास वाहते पाणी लागते. हंड्याखाली जाळ, हंड्याच्या तोंडास बसविलेली बांबूची नळी आणि नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडविलेल्या भांड्यात, एवढेच तिचे साहित्य. तेल काढावयाचे यंत्र म्हणून यापेक्षा साधे काही असेल असे वाटत नाही.

हे तेल मुंबईस येई, तेथून तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि मग कॉन्स्टॅन्टिनोपलला पोहोचे. तुर्की बाजारात त्यास ‘इद्रिस यागी’ म्हणत. युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे नाव दिले. वास्तविक ते तुर्कस्तानातील नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते. त्याचा मुख्य उपयोग कोणता, हे फ्ल्यूकिगर आणि हॅन्बरी यांनी १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात स्पष्टपणे नोंदविले आहे : गुलाबाच्या अत्तरात भेसळ. बल्गेरियातील कझानलूकच्या खोऱ्यात गुलाबाची शेती होई आणि तो प्रदेश तेव्हा उस्मानी साम्राज्यात होता. एक किलो गुलाबतेलास सुमारे तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे मिसळण्याचा मोह किती असेल याची कल्पना करता येते. खानदेशी तेल डिंकाच्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवीत. त्याचा उग्रपणा जाऊन रंगही फिका होई. मग ते गुलाबात सहज मुरे.

या भेसळीवरील तोडगा आणि त्या तोडग्यावरील प्रतितोडगा दोन्ही मनोरंजक आहेत. अस्सल गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात एक मेणासारखा गंधहीन अंश असतो. रोशा तेल मिसळले की गोठण्याचे मान खाली येते. म्हणून गिऱ्हाईक कुपी गार करून पाहू लागले. तेव्हा भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या डोक्यातून मिळणारे मेण घालून तेल पुन्हा गोठते केले. म्हणजे अखेर कुपीत बल्गेरियाचा गुलाब, खानदेशचे गवत आणि समुद्रातील देवमासा यांचा संगम झालेला असे. यांतील एकही द्रव्य आजच्या अर्थाने कृत्रिम नव्हते, तरीही तो माल नकली होता.

रोशा तेल गुलाबात मुरते याचे रासायनिक कारण पुढे आले ते १८७१ साली. ओस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनज्ञाने या तेलातून एक अल्कोहोल वेगळे केले आणि ‘भारतीय जिरेनियम तेला’वरून त्यास जिरॅनिऑल असे नाव ठेवले. व्यापाऱ्यांनी दिलेले चुकीचे नाव अशा रीतीने रसायनशास्त्रात कायमचे चिकटून बसले. रोशा तेलाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग जिरॅनिऑलचा असतो आणि गुलाबतेलातही ते मुख्य घटकांपैकी एक आहे. तेव्हा भेसळ करणारे दोन निराळ्या झाडांतील एकच पदार्थ एकत्र करीत होते. त्यांस ते ठाऊक नव्हते एवढेच.

या शोधाने सगळा प्रश्नच पालटला. गंधाचा वाहक एखादे फूल नसून एक विशिष्ट पदार्थ आहे, असे ठरले की तो पदार्थ कोठूनही आणण्यास प्रत्यवाय राहत नाही. १८६८ साली विल्यम पर्किन याने कूमारिन सिद्ध केले आणि १८७४ साली टीमान व हार्मान यांनी व्हॅनिलिन. १८८८ साली स्फोटक द्रव्यांवर काम करीत असता अल्बर्ट बाऊर यास कस्तुरीसारखा गंध असलेला नायट्रोपदार्थ सापडला. १८९३ साली टीमान व क्र्यूगर यांनी आयोनोन तयार केले, आणि व्हायोलेट फुलाचा महाग गंध स्वस्त साबणातही येऊ लागला. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. आयोनोनसाठी लागणारे सिट्रल प्रामुख्याने गवती चहाच्या तेलातून मिळे आणि ते तेल मलबार किनाऱ्यावरून जाई. अर्थात युरोपातील त्या ‘कृत्रिम’ व्हायोलेटची मुळे केरळातील गवतात होती. नैसर्गिक व कृत्रिम यांतील सीमारेषा ती आखली जात असतानाच पुसट होती, असे म्हणावयास हरकत नाही.

कृत्रिम गंध प्रथम स्थिरावले ते साबणात, यास तांत्रिक कारण आहे. साबण अल्कधर्मी असतो. पुष्कळ नाजूक फुलतेले त्यात टिकत नाहीत, काही साबणाचा रंग बिघडवितात, आणि धुऊन टाकावयाच्या वस्तूत गुलाबतेल घालणे परवडणारे नव्हते. रोशा तेल अल्कलीला दाद देत नाही, म्हणून गुलाबी वासाच्या साबणांत त्यास प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. भेसळीचे द्रव्य म्हणून बदनाम झालेला खानदेशी माल अशा रीतीने आपल्या नावाने विकला जाऊ लागला. भारतातही हा धंदा लवकरच आला. मुंबईत १९२२ साली स्थापन झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीने सुगंधमिश्रणांचे उत्पादन हाती घेतले, आणि मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधविद्येचा अभ्यासक्रम चालतो, हे मराठी वाचकास परिचयाचे आहे.

आता त्वचेकडे वळावयास हवे. कारण आतापर्यंतच्या विवेचनात ती जवळजवळ आलीच नाही, आणि ते इतिहासाशी सुसंगतच आहे. गंधाच्या व्यापाऱ्यांनी तिचा विचार फार उशिरा केला.

कृत्रिम गंधाची पहिली पावले त्वचेच्या दृष्टीने अशुभ होती, हे मान्य केले पाहिजे. मित्शर्लिखने १८३४ साली तयार केलेले नायट्रोबेंझिन कडू बदामाच्या वासाचे निघाले आणि ‘मिरबेनचा अर्क’ या गोंडस नावाने ते साबणात घातले जाऊ लागले. नायट्रोबेंझिन त्वचेतून शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. कृत्रिमाविरुद्धचा हा पुरावा सबळ आहे. तथापि ज्या अस्सल तेलाची ही नक्कल होती, त्या कडू बदामाच्या तेलात काय असते? ते काळजीपूर्वक शुद्ध केले नाही तर त्यात हायड्रोसायनिक आम्ल असते. विष दोहोंकडे होते. एक बदामाने दिले, दुसरे भट्टीने.

विसाव्या शतकात हाच प्रकार निराळ्या रूपाने पुढे आला. १९१६ साली फ्रॉइंड याने कोलन-वॉटर लावून उन्हात गेलेल्या व्यक्तींच्या कातडीवर काळसर डाग पडल्याचे वर्णन केले. १९२५ मध्ये रोझेनथाल याने या विकारास ‘बर्लोक’ हे नाव दिले. मानेवर ओघळलेल्या थेंबाच्या आकाराचे ते डाग गळ्यातल्या लोलकासारखे दिसत. दोष होता बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा, म्हणजे पूर्णतः नैसर्गिक द्रव्याचा. त्यातील बर्गाप्टेन हा सोरालेन वर्गातील पदार्थ उन्हाच्या साह्याने त्वचेस पोळतो. भारतीय वैद्यकास ही क्रिया अनोळखी नव्हती. कोडावर बावचीचे बी लावून अंग उन्हात धरावयाचा उपचार फार प्राचीन आहे, आणि सोरालेन हा पदार्थ भारतीय रसायनज्ञांनी १९३३ साली वेगळा केला तो बावचीतूनच. वैद्याने जे जाणून, बेताने आणि रोगावर वापरले, तेच गंधकाराने नकळत निरोगी मानेवर शिंपडले. आज बर्गामोट तेल त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत अत्यल्प प्रमाणात किंवा बर्गाप्टेन काढून टाकूनच वापरतात. अशा शुद्ध केलेल्या तेलास नैसर्गिक म्हणावे काय, याचे उत्तर शास्त्रापेक्षा जाहिरातदारांनी अधिक तत्परतेने दिले आहे.

कृत्रिमाच्या बाजूस मस्क अॅम्ब्रेट आहे. बाऊरच्या शोधातून निघालेल्या नायट्रो-कस्तुरीच्या कुळातील हा पदार्थ कित्येक दशके दाढीनंतर लावावयाच्या द्रवांत व साबणांत वापरला गेला. ऊन लागताच त्याने त्वचेवर प्रकाशजन्य अॅलर्जी उठते असे आढळले, शिवाय प्राण्यांत त्याने मज्जासंस्थेस इजा झाली. युरोपीय संघाने १९९५ साली प्रसाधनांतील त्याच्या वापरावर बंदी घातली. त्याचा भाऊबंद मस्क झायलीन निसर्गात लवकर विघटित होत नाही आणि स्तनदुग्धातही सापडला. तोही पुढे युरोपात हद्दपार झाला. खऱ्या कस्तुरीसाठी कस्तुरीमृगांची जी हत्या झाली ती या नकली कस्तुरीने काही अंशी वाचविली असेल, हा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

या संदर्भात युरोपीय संघाचा २०१७ सालचा एक विनियम विशेष अभ्यसनीय आहे. त्याने प्रसाधनांतून तीन द्रव्ये एकाच वेळी बाद केली. त्यांतील एक, व्यापारात ‘लायरल’ म्हणून ओळखले जाणारे, संपूर्णतः कारखान्यात बनलेले. उरलेली दोन, अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल, ओकच्या झाडावर वाढणाऱ्या शैवाकातून येणारी. ओकमॉस म्हणून प्रसिद्ध असलेले हे शैवाक आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्याच वर्गातील आहे आणि उंची अत्तरांत शतकानुशतके मान पावलेले आहे. तिन्ही द्रव्यांवरील आक्षेप एकच होता : त्यांनी होणारी त्वचेची अॅलर्जी. वैद्यकीय परीक्षेने त्यांना एका रांगेत बसविले. त्यांची कुळकथा कोणी विचारली नाही.

नैसर्गिकाचा आग्रह निसर्गालाही नेहमी मानवला असे नाही. म्हैसूर राज्यात १७९२ पासून चंदन हे राजवृक्ष मानले गेले. पहिल्या महायुद्धात चंदनाच्या लाकडाची निर्यात अडली तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो आणि वॉटसन यांच्या साह्याने तेल काढण्याची पद्धत बसविण्यात आली व १९१६ साली म्हैसुरास कारखाना उभा राहिला. त्याच तेलातून म्हैसूर सँडल साबण निघाला. हा उद्योग अभिमानास्पद खराच. परंतु चंदनाचे तेल मिळते ते गाभ्याच्या लाकडातून आणि गाभा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. चोरटी तोड वाढली, आणि १९९८ साली हा वृक्ष संकटग्रस्ततेच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला. आज स्वस्त साबणातील चंदनाचा वास बहुधा अशा संयुगांचा असतो, जी चीडाच्या टर्पेंटाइनमधील पायनीनपासून बनविलेली असतात. झाडाची नक्कल दुसऱ्या झाडापासून! कनोजच्या पारंपरिक अत्तरांतही चंदनतेलाचा आधार महाग झाल्यावर त्याऐवजी द्रव पॅराफिन वापरण्याची प्रथा शिरली. फूल खरे, भट्टी खरी, डेग-भपका तोच. कुपीतील बराचसा भाग मात्र खनिज तेलाचा.

गंधाच्या गुणवत्तेचा विचार केला तर निसर्गाचा वरचष्मा अजून आहे. गुलाबतेल हे जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल यांचे नुसते मिश्रण नव्हे. रोझ ऑक्साइड १९५९ साली आणि डमॅसेनोन १९७० साली प्रकाशात आले. अत्यल्प असूनही गुलाबाचा गुलाबपणा पुष्कळसा त्यांवर अवलंबून आहे. खानदेशी तेलाने कॉन्स्टॅन्टिनोपलचे जाणकार गिऱ्हाईक पुरते का फसत नसे, याचे एक कारण येथे सापडते. परंतु हा न्याय नाकाचा झाला, कातडीचा नव्हे.

कातडीचा न्याय जिरॅनिऑलच्या बाबतीत काय झाला, ते पाहण्यासारखे आहे. १९७७ साली लार्सन याने सुगंधाची अॅलर्जी तपासण्यासाठी आठ द्रव्यांचे एक मिश्रण सुचविले. त्यात जिरॅनिऑल होते आणि ओकमॉसही होते. युरोपीय संघाने २००३ साली ज्या २६ गंधद्रव्यांची नावे वेष्टनावर स्वतंत्रपणे छापणे आवश्यक केले, त्यांतही जिरॅनिऑल आले. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्याहून अधिक असेल तर नाव छापावे लागते. धुऊन टाकावयाच्या प्रसाधनात ही मर्यादा ०.०१ टक्का आहे. २०२३ च्या विनियमाने ही यादी ऐंशीच्या वर नेली. नव्या यादीत केवळ रासायनिक नावे नाहीत. गुलाबाचे तेल, जाईचे तेल आणि चंदनाचे तेलही त्यांच्या नावांनिशी आहे. नव्याने बाजारात येणाऱ्या मालास ही तरतूद ३१ जुलै २०२६ पासून लागू करण्याचे ठरले.

द्रव्याचा उगम शोधण्याची साधने आज उपलब्ध आहेत. खनिज तेलापासून केलेल्या जिरॅनिऑलमध्ये किरणोत्सर्गी कार्बन-१४ उरलेला नसतो, कारण तो कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असतो. त्यावरून ते ओळखू येते. मात्र टर्पेंटाइनमधील पायनीनपासून तयार केलेल्या जिरॅनिऑलमधील कार्बन अलीकडच्या झाडाचाच असल्याने या कसोटीस ते उतरते. कुपी गार करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची अडचण येथे पुन्हा उभी राहते, फक्त उपकरण बदलले आहे. आणि प्रसाधनाच्या डबीवर, बारीक अक्षरांत, शेवटच्या ओळीपाशी जिरॅनिऑल एवढाच शब्द छापलेला असतो. ते कझानलूकच्या पाकळीतून आले, नंदुरबारच्या गवतातून आले, की चीडाच्या डिंकातून, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.